गुरुवार, साडेचार

मला गप्प बसायचे पैसे मिळतात.
अलकापुरीत, दुसऱ्या मजल्यावर, दंतवैद्याच्या शेजारी.
त्याचे पेशंट गालावर हात धरून
चुकून माझं दार ढकलतात.
माझेही कधी त्याच्याकडे जाऊन बसले असतील.

निरंजन कारखानीस, वय त्रेपन्न.
मकरपुऱ्याच्या ट्रान्सफॉर्मर कंपनीत अठ्ठावीस वर्षं,
त्यातली शेवटची नऊ प्रॉडक्शनचे प्रमुख.
पहिल्या दिवशी मी नेहमीचंच म्हटलं,
हुद्दा न सांगता स्वतःची ओळख करून द्या.
ते म्हणाले, कशी देऊ बाई,
माझं आडनावच हुद्दा आहे.

मी वहीत लिहिलं : विनोदबुद्धी शाबूत.

कंपनीने मला सांगितलेलं त्यांना सांगितलं नव्हतं.
सहा बैठकी, पैसे आगाऊ,
फाइलीवर 'नेतृत्वविकास',
आणि फोनवर, आवाज खाली आणून,
मार्चअखेर मोकळं करायचंय त्यांना,
तेवढी मनाची तयारी.
मी हो म्हटलं. दुकान नवं होतं.
मीही बँकेतून मोकळी झालेली, त्याच्या दोनच वर्षं आधी.
माझ्या मनासाठी कुणी माणूस नेमला नव्हता.
केक होता एक, त्यावर नाव चुकलेलं.

तर गुरुवार, साडेचार.
ते पाच मिनिटं आधी येत,
बूट दाराशी भिंतीला काटकोनात ठेवत.
मी विचारी, पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?
ते खिडकीतून बघत.
तिसऱ्या खेपेला म्हणाले,
तुमच्या गल्लीतल्या डीपीचे आतले पत्रे सैल झालेत.
ऐकू येतंय का?
मला नव्हतं येत.
मग पन्नास मिनिटांतली अकरा
आम्ही त्या राखाडी डब्याकडे कान लावून बसलो.
बरा असतो तेव्हा तो एका सुरात असतो, ते म्हणाले,
हा बघा, मधेच घसा खाकरतोय.
त्यांचा चेहरा तेव्हा
कुठल्याच व्हिजिटिंग कार्डावर मावला नसता.

चौथी बैठक मी बाहेर घेतली, काला घोड्याच्या पुलावर.
खाली विश्वामित्रीत मगर,
वर स्कूटर लावून तिला बघणारे वीस-पंचवीस लोक.
मगर काहीच करत नव्हती.
हिचं कोचिंग झालेलं दिसतंय, ते म्हणाले.
आणि त्याच आवाजात,
मार्च ना?

गप्प बसायचे पैसे घेणारी मी
त्या दिवशी फुकट गप्प बसले.

वांधा नाही, ते म्हणाले.
मुलीची फी जूनमध्ये असते.
तारीख पक्की कळली की माणूस आकडेमोड करतो, एवढंच.
मग सेव-उसळ खाल्ली आम्ही, उभ्याने.
पैसे त्यांनी दिले. मी देऊ दिले.
हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

पाचव्या दिवशी बायोडेटा आणला, दोन पानी,
टक्केवारीच टक्केवारी.
मी विचारलं, यात 'ऐकतो' कुठे आहे?
म्हणाले, असं कुठे कुणी लिहितं का.

सहाव्या गुरुवारी दाराशी बूट नव्हते.
मी पन्नास मिनिटं बसून राहिले. पैसे भरलेले होते.

मे महिन्यात फोन आला,
सावलीला असतो हल्ली.
मला वाटलं, निवृत्त.
अहो, सावली गाव.
पत्र्याच्या शेडमध्ये जुने ट्रान्सफॉर्मर उघडतो,
मालक एकतीस वर्षांचा, मला अंकल म्हणतो,
पगार विचारू नका.
बरं वाटतंय का?
थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज.
रविवारी गाडी आपोआप मकरपुऱ्याकडे वळते, म्हणाले.
परवा तर गेटपर्यंत गेलो.
वॉचमनने सलाम केला, म्हणून यू-टर्न घेतला.

गुरुवारचा साडेचार मी दुसऱ्या कुणाला दिलेला नाही.
खिडकी उघडी ठेवते.
डब्याची खाकर आता मलाही ऐकू येते,
वीज मंडळाकडे दोनदा तक्रार केली,
नंबर मिळाला आहे.

आज कंपनीने पुढचं नाव पाठवलं.
वय एकोणपन्नास, खरेदी विभाग, सहा बैठकी,
आवाज खाली आणलेला.
मी उत्तर दिलेलं नाही.
भाडं पाच तारखेला असतं.